खंडेनवमीच्या आधी एक शिबिर भरवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

2025 मध्ये लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार आपल्या सरकारने परत आणली, त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले. आज लिहितो आहे ते गावोगावच्या माळ्यांवर पडलेल्या तलवारींसाठी.

आजोबांकडून माझ्याकडे नागमोडी पात्याचा एक खांडा, म्हणजे दुधारी तलवार, आला. मुठीसकट साडेतीन फूट. दोन्ही धारा लाटेसारख्या वळतात आणि पात्याच्या मधली उंच शीरही त्यांच्याबरोबर वळते. म्हणजे सरळ पात्याच्या कडा घासून ही वळणे काढलेली नाहीत. लोहाराने एकेका वळणासाठी पाते पुन्हा भट्टीत घातले आणि ठोकून वाकवले. शीर कुठेही तुटू दिली नाही. उन्हात तिरके धरले की पोलादातले जौहर, म्हणजे अंगची लहरीदार नक्षी, पाण्यासारखे हलते. तासन्‌तास बघत बसावे असे ते काम आहे.

गेल्या खंडेनवमीला शेजारच्या गावात असाच एक खांडा पाहिला. पॉलिश पेपरने घासलेला, बफ मारलेला, वर निकल चढवलेला. जौहर गेले होते, मुठीवरच्या कोफ्तगिरीची, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेल्या नक्षीची, सोन्याची तार निघाली होती. घरच्यांनी हे सगळे भक्तीनेच केले होते. गंजाला कोरडे फडके आणि हलके तेल पुरते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

अशा तलवारी हातच्या जाण्याचे दुसरे कारण भीती. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने 100 वर्षांपूर्वीची तलवार पुरावस्तू ठरते. पण सक्तीच्या नोंदणीच्या यादीत मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या आहेत, तलवारी नाहीत. उलट 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब पाते शस्त्रांत मोडते. घरातल्या माणसाने काय समजावे? मी एका कार्यालयात विचारायला गेलो, तर ‘कशाला भानगडीत पडता’ एवढेच उत्तर मिळाले. अशा उत्तरांनी घाबरून लोक तलवारी भंगारात घालतात.

पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा एक जाणकार वर्षातून एक दिवस शिबिरासाठी तालुक्याला यावा. त्याने पाते पाहावे, मोजावे, फोटो काढावा आणि घरमालकाला सही-शिक्क्याचा कागद द्यावा. वस्तू घरातच राहावी. तलवार शिबिरापर्यंत नेताना रस्त्यात अडवणूक होऊ नये, म्हणून पोलीस ठाण्याला आधी पत्र जावे.

हे खंडेनवमीच्या आधी व्हावे. त्याच आठवड्यात घरोघरी पॉलिश पेपर बाहेर निघतो.

आपला,
जुन्या शस्त्रांचा एक संग्राहक