हेडर कुणी लावायचं?

संपादक साहेब, नमस्कार. लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानांचे हिशोब बघतो. ऐन सोयाबीनच्या सीझनला बिलिंग सॉफ्टवेअरमधून पार्टीला जाणारे मेल परत यायलेत नाहीतर स्पॅममध्ये पडायलेत, पार्टी म्हणते बिल आलंच नाही, की पेमेंट अडकलं. सॉफ्टवेअरवाला म्हणतो सर्व्हरवाल्याला विचारा, सर्व्हरवाला म्हणतो सॉफ्टवेअरच खराब, आपला नुसता फुटबॉल. शेवटी परत आलेला मेल उघडून बघितला तर त्यात मेसेज-आयडी (त्या मेलचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक) हे हेडरच नाही! हेडर म्हणजे मेलच्या वर असलेली माहितीची ओळ. आता आरएफसी ५३२२ हे मेलचं स्टँडर्ड २००८ पासून आहे, त्यात फ्रॉम (पाठवणारा) आणि डेट (तारीख) हे हेडर सक्तीचे, अन् मेसेज-आयडी असायला पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. राहिलेलं हेडर सर्व्हर टाकू शकतो, पण टाकलंच पाहिजे असं त्याच्यावर बंधन नाही, म्हणजे मेल जो तयार करतो त्यानंच ते लावायचं, सरळ हिशोब आहे. जीमेल असे मेल परत पाठवतं, त्यात त्याची काय चूक? सॉफ्टवेअरवाल्यांनो, एएमसीचे (वर्षाच्या देखभाल कराराचे) पैसे वेळेवर मागता ना (एक दिवस उशीर झाला की लगेच लायसन्स बंद), मग एवढं एक अपडेट द्यायला काय होतंय? व्यापारी संघटनेनं सॉफ्टवेअर कंपन्यांकडून हे एएमसीच्या करारातच लिहून घ्यावं.

एक अकाउंटंट, लातूर