बांध यंत्राला सापडत नाही

महोदय,

'मोजणीची प्रकरणे रखडली' ही आपल्या अंकातील बातमी वाचली. शेतकऱ्यांचा खोळंबा खरा आहे. पण रोव्हर हे मोजणीचे यंत्र हाती असूनही भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारे सरकारी कर्मचारी, वेळकाढूपणा करतात, हा तिचा सूर पटला नाही.

माझे वडील निफाड, दिंडोरी भागात भूकरमापक होते. रोव्हर उपग्रहाच्या मदतीने एखाद्या बिंदूचे स्थान काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगतो. मूळ बांध कुठे होता, हे मात्र सांगत नाही. त्यासाठी जुने टिपण (मूळ मोजणीच्या वेळी मापांसह काढलेले शेताचे रेखाटन) आणि फाळणी नकाशा (जमिनीच्या हिश्श्यांचा नकाशा) जागेवर जुळवावा लागतो. टिपणातली मापे साखळी-आण्यांत असतात: साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, एक चौरस साखळी म्हणजे आपला गुंठा. जुन्या नोंदी तर अनेकदा मोडी लिपीत. वडील नोकरी सांभाळून रात्री मोडी शिकले, ते याच कामासाठी. निवृत्तीनंतरही कुठे जुना हद्दीचा दगड दिसला की ते थांबून पाहतात. त्यांना त्याचा मनापासून नाद आहे.

द्राक्षाच्या पट्ट्यात एक गुंठा इकडचा तिकडे झाला, तर सख्खे भाऊ कोर्टात जातात. अशा मोजणीत दोन तास जास्त लागले, तर ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. शासनाने यंत्रांबरोबर प्रत्येक तालुक्यातील नव्या भूकरमापकांना मोडी आणि टिपणवाचनाचे प्रशिक्षणही द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक