बाबांच्या हाताची सुरी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी हे पत्र वाचा, मग डबा उघडा. आत मी केलेली सुरी आहे आणि तिची धार खरोखरची आहे.

बाबा, मागे तुमच्या पंजाची आखणी कागदावर काढून घेतली तेव्हा ‘कशाला गं?’ विचारलंत आणि मी विषय बदलला होता. ती या मुठीसाठी. पेरं सुजल्यापासून बारीक मुठीचं काही तुम्हाला धड धरवत नाही. तुम्ही ते बोलणार नाही, पण मला दिसतं. म्हणून ही मूठ नेहमीच्या सुरीपेक्षा जाड आहे, मधोमध किंचित फुगीर. बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत. पुढच्या टोकाला खाली उतरता अडसर ठेवलाय, हात घसरला तरी पात्यावर जाणार नाही.

लाकूड शिसवी. त्याचा भुसा छातीत जातो आणि अंगालाही खाजतो, पण आई, मास्क लावूनच घासलं, काळजी नको. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलंय. दोन्ही अंगांना लाकूड इपॉक्सीने चिकटवून वर पितळेच्या खिळ्या मारल्यात, त्यामुळे मूठ हलायची नाही. फक्त बेसिनमध्ये पाण्यात भिजत टाकू नका.

आता बाबांना हवा तो भाग. पोलाद साधं, जवळपास ०.८४ टक्के कार्बनचं. भट्टीत पातं तापत गेलं की ७७० अंशांच्या सुमारास लोहचुंबक त्याला चिकटेनासं होतं. तिथून थोडं वर, ८१५च्या आसपास नेलं आणि कोमट तेलात बुडवलं. थंड पाण्यात हे पोलाद तडकण्याची भीती असते, म्हणून पात्याला ‘पाणी’ दिलं ते तेलातच! बाहेर काढल्यावर त्यावरून कानस नुसती घसरते, धरतच नाही. तेव्हाचा आनंद काय सांगू! पण त्या अवस्थेत पातं इतकं ठिसूळ असतं की फरशीवर पडलं तर दोन तुकडे व्हायचे. म्हणून २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-दोन तास, दोनदा ठेवलं. वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग चढला की समजायचं, कडकपणा थोडा उतरला आणि चिवटपणा आला. तो रंग मी नंतर घासून काढला, ठेवायला हवा होता असं तुम्ही म्हणालच.

आई, तू आधी म्यानाचे टाके बघशील. एकच मेणदोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्हीकडून ओवलेल्या. एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. कडेला दोन थरांच्या मध्ये चामड्याची पट्टी घातलीय, नाहीतर धारेने दोराच कापला असता. चामडं वनस्पतींच्या सालीने कमावलेलं आहे. ओलं करून सुरीवर दाबून बसवलं की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं.

पण सुरी म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि पातं गंजतं. म्यान फक्त बागेत किंवा प्रवासात नेताना. एरवी वापरून झाली की धुवा, लगेच कोरडी पुसा, खाण्याच्या तेलाचं बोट फिरवा. आंबट काही कापलं की पातं निळं-करडं पडेल. तो गंज नव्हे, आई, त्याला घासणी लावू नकोस. तांबडं दिसलं तरच घास.

मुठीला कधीमधी जवसाचं तेल चोळा, पण तो फडका चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा.

एवढी धार कशाला, असं आई म्हणणार. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना ती सटकते. बाबांच्या हातात आता तेवढा जोर नाही, म्हणून धारच जास्त हवी.

आणि बाबा, मूठ कुठे टोचली तर फोनवर नुसतं ‘छान आहे’ म्हणू नका. अंगठ्याखाली की करंगळीशी, तेवढं सांगा. लाकूड उतरवता येतं, वाढवता येत नाही, म्हणून मुद्दाम थोडं जास्त ठेवलंय. पुढच्या वेळी येताना कानस आणि पॉलिश पेपर घेऊनच येते.

तुमची लेक