परड्यातला फणस

संपादक महोदय,

राजापूर तालुक्यात माझं घर आहे. परड्यातला फणस आजोबांनी लावला. आता बुंधा आतून पोखरलाय, बोट घातलं की भुसा हातात येतो आणि झाड घराच्या कौलांवर कललंय. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात फणस अनुसूचित आहे, म्हणून स्वतःच्या जमिनीतही तोडायला परवानगी लागते. मार्चमध्ये अर्ज दिला. चार हेलपाटे झाले, पाहायला कुणी फिरकलं नाही. मिरग तोंडावर आलाय, त्याच कौलांखाली माझी नातवंडं झोपतात.

जंगलं उजाड करणाऱ्यांना जरूर रोखा. पण तीन पिढ्या कलमं जपणाऱ्या माणसावर एवढा अविश्वास का? मोडलेल्या घराचा पंचनामा मला नको. या फणसाच्या जागी पाच लावीन, पाणी घालून जगवीन. ती जबाबदारी माझी. निर्णयही मला घेऊ द्या.

— एक बागायतदार, राजापूर