“काचेसकट किती?” : नाना पेठेतल्या काकांना खुले आभारपत्र

पुणे

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

वाकड, चिंचवड, हडपसर आणि सिंहगड रस्ता इथे गाड्यांच्या काचांना उष्णता अडवणारी फिल्म बसवणारे आम्ही काही दुकानदार मिळून हे पत्र लिहीत आहोत. फिल्मचा रोल कोणाकडून घ्यायचा, हे ठरवायला तुम्ही एक साधा प्रश्न हाती दिलात: “काचेसकट किती?”, म्हणजे नुसत्या फिल्मचा नव्हे, काचेवर लागल्यावरचा आकडा किती. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानायचे होते. शिवाय नव्याने दुकान टाकणाऱ्यांनाही तो प्रश्न ठाऊक व्हावा, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

या प्रश्नाचा पहिला उपयोग नियमांपाशी होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वरून चिकटवलेल्या फिल्मवरच बंदी आणली होती. पुढे नियम बदलले आणि १ एप्रिल २०२१ पासून आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काच नियमांत आली. त्याच आधारे, मर्यादेत बसणारी फिल्म चालते, असा निकाल केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. मर्यादा मात्र फिल्मची एकटीची नसते, काच आणि फिल्म मिळून असते. गाडीची मूळ काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ५० ची, म्हणजे ५० टक्के प्रकाश सोडणारी, फिल्म लागली, तर हाती ३७.५ उरतात, म्हणजे सरळ चलन. तीच काच ७० च्या फिल्मसह ५२.५ वर थांबते आणि जेमतेम बसते. समोरची काच ७८ ची असेल तर ९० ची फिल्मसुद्धा ७०.२ वर आणून ठेवते; प्रकाश मोजणारा मीटर एखाद्या टक्क्याने इकडेतिकडे झाला की गेलेच. म्हणून “आरटीओ मान्य” असा शिक्का दाखवणाऱ्या पुरवठादाराला आम्ही आता एवढेच म्हणतो की आमच्याकडच्या काचेवर तुकडा लावून मीटरने मोजून दाखवा. दर्जेदार माल विकणारा याला कधीच नाही म्हणत नाही.

उष्णतेच्या आकड्यांत फसगत याहून जास्त होते, आणि तुमचे आभार सर्वात जास्त इथेच आहेत. पत्रकावर मोठ्या अक्षरांत “इन्फ्रारेड ९९ टक्के अडवते” असे छापलेले असते. तुम्ही विचारायला शिकवलेत की हे कुठल्या तरंगलांबीवर मोजले? उन्हातले इन्फ्रारेड साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटर इतके पसरलेले असते. फक्त ९५० किंवा १४०० वर मोजलेला आकडा खरा असला, तरी तो त्या एका जागेपुरताच खरा असतो. त्यामुळे तुलना करायची ती एकूण सौरऊर्जा अडवण्याच्या टक्क्याची, आणि तीही सारख्याच प्रकाशटक्क्याच्या दोन फिल्ममध्ये. हा आकडा ऊन सरळ पडताना मोजला की ६० अंशांच्या तिरक्या कोनातून, हेही विचारायचे, कारण तिरक्या कोनात तो आपोआप फुगतो.

फिल्म जास्तीत जास्त किती ऊर्जा अडवू शकेल, याचा तुमचा तो ‘छताचा हिशेब’ तर आता आमच्या प्रत्येक फिटरला तोंडपाठ आहे. उन्हाच्या ऊर्जेचा साधारण ४४ टक्के भाग दिसणाऱ्या प्रकाशात असतो. फिल्म त्यातला ७० टक्के आत सोडत असेल, तर एकूण ऊर्जेतला जवळपास ३१ टक्के भाग तिथेच आत आला. बाकी सगळे अडवले, तरी ६९ च्या पुढे जाता येत नाही. त्यात फिल्मने शोषलेल्या उष्णतेचा काही भाग पुन्हा गाडीत उतरतो, म्हणून खरा आकडा त्याच्याही खाली येतो. “७० प्रकाश, ८० टक्के उष्णता बंद” असे लिहिणाऱ्या पत्रकाला एवढे गणित पुरते.

दुकानात हीट लॅम्पसमोर हात धरायला लावतात, ते प्रात्यक्षिकही असेच. दिव्यात इन्फ्रारेडचा वाटा उन्हापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे फक्त इन्फ्रारेड गिळणारी फिल्म तिथे चमत्कारासारखी वाटते. काही मिनिटांत काच स्वतः तापते आणि आत उष्णता सोडू लागते, पण तोवर गिऱ्हाइकाने हात काढून घेतलेला असतो. तुमच्या पद्धतीने एकाच जाडीच्या दोन काचा घ्यायच्या, एकीवर नमुना लावायचा, दुपारी १२ ते २ च्या उन्हात वीस मिनिटे ठेवायच्या आणि मागे काचेतून येणारी सौरऊर्जा मोजणारा सोलर पॉवर मीटर धरायचा. लेझरचा ठिपका टाकणारे थर्मामीटर यासाठी वापरू नये. ते काचेपलीकडचे काही वाचत नाही, काचेच्या पृष्ठभागाचेच तापमान दाखवते.

अतिनील किरणांच्या ९९ टक्क्यांवर भाव वाढवून मागणाऱ्यालाही आम्ही जादा पैसे देत नाही. तो आकडा जवळपास सगळ्यांचा सारखाच असतो, आणि समोरच्या काचेच्या दोन थरांमधला प्लॅस्टिकचा पडदा ते काम आधीच करत असतो.

मालाची पारख तुम्ही कापसाच्या बोळ्याने करायला शिकवलीत. लाइनर, म्हणजे गोंदावरचा संरक्षक पापुद्रा, काढून गोंदाच्या बाजूने ॲसिटोनचा बोळा फिरवायचा. बोळ्याला रंग लागला तर रंग गोंदातच मिसळलेला आहे, आणि असा माल उन्हाने जांभळा पडतो. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता चांगली अडवते, पण फास्टॅग, जीपीएस आणि मागच्या काचेतल्या रेडिओ अँटेनाला अडथळा आणू शकते. समोरच्या काचेसाठी म्हणूनच धातूविना येणारी सिरॅमिक फिल्म.

रोलचा लॉट नंबर नळीवर आणि खोक्यावर एकच आहे ना, आयातदाराचे नाव आणि मूळ देश छापलेला आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. एका गाडीला दोन लॉट लावायचे नाहीत, कारण डावा-उजवा दरवाजा शेजारी पाहिला की छटेतला फरक लगेच डोळ्यात भरतो. नमुना मागायचा तोही चालू लॉटमधलाच, निदान तीन मीटर, म्हणजे मागच्या गोलाईच्या काचेवर हीट गनने आवळून बघता येतो. काही फिल्म सपाट दारावर छान बसतात आणि मागच्या काचेवर बोटे सोडतात, म्हणजे बोटांसारख्या उभ्या सुरकुत्या ठेवतात, दाबल्या तरी बसत नाहीत. पुरवठादाराचे गोदामही एकदा पाहून यावे. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मे काढलेला रोल आम्हाला नको. आडव्या रचून ठेवलेल्या रोलला खालच्या बाजूने दाब बसतो आणि तो सपाटपणा काचेवर लाटांसारखा दिसतो.

पाण्याचे मात्र खापर पुरवठादारावर फोडू नये, हे तुम्ही ठणकावून सांगितलेत ते बरे झाले. वाघोली-उंड्रीकडे टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी फिल्म बसवताना फवारायच्या स्प्रेच्या बाटलीत भरले की पाणी सुकते, क्षार फिल्मखालीच राहतात आणि पांढरे ठिपके दिसतात. आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी आणि लिटरमागे बेबी शाम्पूचे काही थेंब एवढे पुरते. पावसाळ्यात फिल्म सुकायला जास्त दिवस लागतात, तेव्हा आतला धुरकटपणा पाहून लगेच रोल परत करायला धावू नये. चार-पाच दिवस काच खाली घेऊ नका, हे गिऱ्हाइकाला पावतीवरच लिहून द्यावे.

आणि भाव. इथेही तुमचा “काचेसकट किती?” लागू पडतो. ६० इंची, ३० मीटरचा रोल घेतला आणि गाडीमागे ३ मीटर लागतात असे धरले, तर कागदावर १० गाड्या होतात. कापाकापीत दहावा भाग गेला की ९ उरतात. मग हमीचा प्रश्न येतो. फुगे, पापुद्रे, रंग उडणे यांत पुरवठादार नुसती फिल्म बदलून देतो की जुनी काढायची मजुरीही देतो? मागच्या काचेवरून डिफॉगरच्या (काचेवरचे धुके घालवणाऱ्या) तारा न तोडता फिल्म सोलायला चांगल्या फिटरचा अर्धा दिवस जातो. ब्लेड तर तिथे लावायचेच नाही. ही मजुरी हमीत नसेल, तर स्वस्त रोल पहिल्याच तक्रारीत महाग पडतो. हमीकार्डावर लॉट नंबर आणि गाडीचा नंबर दोन्ही हवेत, आणि जीएसटीचे पक्के बिल हवे. बिलाविना घेतलेल्या रोलची हमी मागायची कोणाकडे?

काका, हे सारे तुम्ही दुकानाच्या ओट्यावर बसून, हातातले काम बाजूला ठेवून, एकेकाला पुन्हा पुन्हा सांगितलेत. कुणाकडून त्याचे काही घेतले नाहीत. कुठल्या कंपनीचे नावही पुढे केले नाहीत. म्हणून आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवू शकलो. तुमचे सगळे प्रश्न आम्ही एका पानावर उतरवून रोलच्या ऑर्डरसोबत पुरवठादाराला देतो आणि उत्तरे सहीनिशी मागतो. एक प्रत या पत्रासोबत जोडली आहे. काही राहिले असेल किंवा चुकले असेल, तर पेनने दुरुस्त करून द्या; पुढच्या रोलच्या आधी बदलून घेऊ.

आपले ऋणी,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधले फिल्म बसवणारे दुकानदार व फिटर