गणपतीला गावी जाताना घर सांभाळा

सर्व सभासदांना नमस्कार,

गणपतीला निम्मी सोसायटी कोकणात जाते आणि बंद घरं लांबूनही ओळखू येतात. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी, साचलेले पेपर, बाहेर लोंबणारं कुलूप पाहून चोराला सगळं कळतं. म्हणून:

- दूध-पेपर बंद करा. बाहेर कुलूप न दिसता आतलं लॅच लावा.
- दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. कपाटातली साडीची घडी चोरांना पाठ असते.
- किल्ली कुंडीखाली नको, शेजाऱ्यांकडे द्या.
- प्रवासाचे फोटो परत आल्यावरच स्टेटसला टाका.

जाण्याच्या तारखा आणि एक फोन नंबर रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत सोसायटी ऑफिसात वॉचमनच्या वहीत लिहा. ही नोंद सक्तीची आहे.

संशय आल्यास स्वतः आत शिरू नका, ११२ लावा.

– सचिव