समासातल्या त्या एका ओळीसाठी

ताई,

माझ्या लहानपणाच्या आठवणींचं पुस्तक छापून हातात आलं तेव्हापासून तुम्हाला पत्र लिहायचं म्हणतेय आणि दर वेळी पहिल्याच ओळीला डोळे भरून येतात. आज भरले तरी लिहिणार आहे. आणि चारचौघांत लिहिणार आहे, कारण तुम्ही काय केलंत ते इतरांनाही कळायला हवं.

तुमच्याआधी माझं बाड वाचलेल्या एका संपादकांनी सांगितलं, आईचं रडणं काढून टाका, वाचक इथे हसायला येणार. दुसऱ्यांचं नेमकं उलटं: दारुड्या बापाच्या घरात विनोद कसला करताय? नातेवाइकांनी तर न वाचताच निकाल दिला, घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस. त्या घरात लहानाचं मोठं होणं कसं होतं, हे यांतल्या एकानेही विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही विचारलंत. पेन्सिलीने, समासात, एका ओळीत.

मध्यरात्रीच्या सभेचं प्रकरण होतं ते. बाबा पिऊन आले की सगळ्यांना उठवून सभा भरवायचे. विषय ठरलेला: घरातले चमचे कमी का होतात. दादा वहीत इतिवृत्त लिहायचा, आई अनुमोदन द्यायची, आजी झोपेतच हात वर करायची. हे वाचून सगळेच हसले होते. तुम्हीही हसलात, पानावर तसं लिहिलंयत. आणि त्याखाली बारीक अक्षरात: ‘सभेला सगळे आहेत. तुम्ही कुठे बसला होतात?’

मी दाराजवळ बसायचे, ताई. पायात चपला घालून. एका चपलेचा अंगठा तुटका होता, पळताना ती निसटू नये म्हणून सभा संपेपर्यंत पायाची बोटं आवळून धरायचे. हे मी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. चमच्यांचा एकही विनोद त्यासाठी गाळावा लागला नाही.

व्यसनी माणसाच्या घरातली मुलं ठरावीक भूमिका उचलतात, असं अमेरिकेतल्या कुटुंब-समुपदेशक शॅरन वेगशायडर-क्रूझ यांनी मांडलंय. त्यांतली एक भूमिका विदूषकाची, ताण वाढला की सगळ्यांना हसवणाऱ्या मुलाची. आमच्या घरात ते काम माझं. बाबांना हसवलं की सभा मोडायची, ते झोपायला जायचे. मग त्या घराची गोष्ट हसण्यावाचून कशी सांगायची? आणि चपलांवाचून तरी कशी?

पुढे काय ठेवायचं, काय गाळायचं यावर मी अडले, तेव्हा तुम्ही ब्रिटिश लेखक जेराल्ड डरेलचा दाखला दिलात. १९५६ साली आलेल्या, कॉर्फू या ग्रीक बेटावरच्या त्याच्या लहानपणाच्या आठवणींत मोठा भाऊ लॅरी सगळ्यांबरोबर एकाच घरात राहतो. प्रत्यक्षात त्याचं लग्न झालेलं होतं आणि बराच काळ तो बायकोबरोबर वेगळा राहत होता. तेवढं गाळलं तरी पुस्तक उभं राहतं, कारण सगळं पाहणारा मुलगा पानोपानी हजर आहे, असं तुम्ही म्हणालात. ते मी मनाशी घट्ट धरलं.

आठवणी लिहिणारी अमेरिकन लेखिका मेरी कार छापण्याआधी आपलं लेखन त्यातल्या माणसांना वाचायला देते, हेही तुमच्याकडूनच कळलं. म्हणून दादाला बाड पाठवलं. त्याने एकच भर घातली. चमचे तोच लपवायचा. सभा चमच्यांवरच राहावी म्हणून. नाहीतर बाबा आईवर घसरायचे. इतकी वर्षं मला हे माहीत नव्हतं! त्याच्या परवानगीने आता तेही पुस्तकात आहे.

परक्या माणसाचं लिहिणं इतक्या मायेने वाचणारी माणसं जगात आहेत, मान न मागता, नाव न मागता. तुम्ही तर आभाराच्या पानावरही नाव नको म्हणालात. म्हणून इथेही घातलेलं नाही, पण आभार मानल्यावाचून मी राहणार नाही. मनापासून आभार, ताई.

दादाला तुम्हाला भेटायचंय. तुम्हाला सवड कधी आहे तेवढं कळवा, आम्ही दोघंही येऊ.

तुमची,
दाराजवळ बसणारी